फ्रान्समधला डिफेन्समन पुढे कोच होतो म्हणजे नक्की काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा सोळा वर्षांचा, लिऑनजवळच्या एका आइस हॉकी क्लबात यू-17 ला, म्हणजे सतरा वर्षांखालच्या टीमला, डिफेन्स खेळतो, म्हणतो आधी प्रो खेळणार आणि मग कोच होणार, आणि वडिलांना हे समजून घ्यायचंय की फ्रान्समध्ये आइस हॉकीचा डिफेन्समन, म्हणजे बचाव सांभाळणारा खेळाडू, खेळून झाल्यावर कोच होतो तो कसा, त्यात करिअर आहे का, की हे सगळं पोराच्या डोक्यातलं खूळ आहे. मी आल्प्सकडच्या एका क्लबात बरीच वर्षं पोरांचा डिफेन्स बघतोय, त्याआधी पुण्यात चाकांवरची हॉकी खेळायचो, त्यामुळे दोन्ही बाजू माहिती आहेत. उत्तर जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे खूळ नाहीये. पण पोरगा ज्या कोचचं चित्र डोक्यात धरून बसलाय, सूट घातलेला, बेंचमागे हाताची घडी घालून उभा, ते चित्र जरा बाजूला ठेवा. फ्रान्सच्या नॅशनल टीमचे कोच कोण कोण होते ते बघा. 1992 च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकला स्वीडनचा शेल लार्सन होता, फ्रान्स क्वार्टर फायनलला पोचला आणि तिथे अमेरिकेकडून 4-1 हरला. 1998 ला नागानोत तर खुद्द हर्ब ब्रुक्स, म्हणजे ज्याने 1980 ला अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांना घेऊन सोव्हिएत टीमला हरवलं तो. मग 2004 ते 2018 अशी चौदा वर्षं डेव्ह हेंडरसन, मूळ कॅनडाचा पण आयुष्य फ्रान्समध्ये काढलेला, आणि त्याच्याच काळात 2013 ला रशियाला 2-1, 2014 ला मिन्स्कमध्ये कॅनडाला शूटआउटवर, 2017 ला पॅरिसमध्ये फिनलंडला 5-1 असे निकाल लागले. त्याच्यानंतर फिलिप बोझाँ, फ्रान्समध्ये घडून एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, खेळलेला पहिला खेळाडू, आणि मग योरिक त्रेय. हे शेवटचे दोघं फ्रेंच, आणि दोघंही फॉरवर्ड, म्हणजे अटॅक करणारे! तेव्हा "डिफेन्समन झाला की आपोआप चांगला कोच होतो" हे जे सगळीकडे ऐकू येतं ना, त्यावर पटकन विश्वास ठेवू नका.

मग डिफेन्समन कुठे जातात? तर ते बेंचवर असतातच, फक्त मधे नाही तर एका टोकाला, डिफेन्सच्या दरवाज्यापाशी. असिस्टंट कोच म्हणून, यू-20 चे मुख्य कोच म्हणून, क्लबच्या सगळ्या पोराटोरांचं टाइमटेबल लावणारे म्हणून, नाहीतर फेडरेशनच्या प्रादेशिक कामात. फ्रेंच हॉकीचा अर्धा गाडा हीच माणसं ओढतात असं माझं मत आहे आणि यांची नावं तुम्हाला पेपरात फारशी दिसणार नाहीत.

हे असं का होतं ते कळायला आधी फ्रेंच डिफेन्समन खेळाडू म्हणून कसा घडतो ते बघावं लागेल. लीग माग्नुस, म्हणजे इथली टॉपची लीग, 2016 पासून बारा टीमची झाली आणि साध्या सीझनला चव्वेचाळीस मॅचेस, वर प्ले-ऑफ वेगळे. क्लब आपापल्या बजेटनुसार बाहेरचे खेळाडू आणतात, कॅनडा, फिनलंड, स्वीडन, स्लोव्हाकिया वगैरे. आता बाहेरून पैसे देऊन डिफेन्समन आणला तर तो कशासाठी आणता? पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्यांचा एक गडी पेनल्टीने बाहेर असताना, ब्लू लाइनवरून (अटॅकिंग झोनच्या सीमारेषेवरून) खेळ चालवायला, शॉट मारायला, पॉइंट्स आणायला. म्हणजे ते काम गेलं बाहेरच्याकडे. फ्रेंच पोरासाठी उरतं काय तर पेनल्टी किल (आपला एक गडी बाहेर असताना गोल वाचवणं), समोरच्यांच्या सगळ्यात डेंजर लाइनसमोर, म्हणजे फॉरवर्डच्या तिकडीसमोर, उभं राहणं, पक (खेळायची रबरी चकती) अंगावर घेणं, शेवटच्या दोन मिनिटांत एक गोलची आघाडी सांभाळणं. लोकल घडलेल्या खेळाडूंसाठी नियम आहेत, प्रत्येक टीमला ठराविक संख्येने ते मॅचच्या यादीत ठेवावेच लागतात, त्यामुळे पोरांना जागा मिळते पण काम हे असलं मिळतं.

अपवाद आहेत. योहान ओव्हितू बघा, पॅरिसच्या दक्षिणेकडचा पोरगा, ग्रनोबलला खेळला आणि लवकरच फिनलंडला गेला, तिथे हेलसिंकीच्या एचआयएफकेकडून खेळताना लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला आणि मग न्यू जर्सी आणि एडमंटनकडून एनएचएल खेळला, फ्रान्समध्ये घडलेला पहिला डिफेन्समन तो. पण मुद्दा हा की अटॅक करणारा डिफेन्समन व्हायला त्याला देश सोडून जावं लागलं. जे राहिले ते बहुतेक घर सांभाळणारे झाले. जुन्या पिढीत सर्ज पुद्रिए होता तो दोन्ही करायचा, पण तो जन्माने क्विबेकचा, तिकडचं बाळकडू घेऊन आलेला.

आता हे जे घर सांभाळणं आहे त्याने एक गोष्ट होते. ही पोरं गेम वाचायला शिकतात, नाइलाज म्हणून शिकतात. स्पीडमध्ये कमी पडलात तर आधी कळलं पाहिजे. आणि डिफेन्समनच्या समोर सगळी आइस असते, विकेटकीपरसारखं, सगळा खेळ त्याच्याकडे तोंड करून येतो, फॉरवर्डच्या मागे काय चाललंय हे फॉरवर्डला दिसत नाही ते याला दिसतं.

एक उदाहरण देतो म्हणजे लक्षात येईल. समोरच्या टीमने पक आपल्या झोनमध्ये, म्हणजे आपल्या गोलकडच्या भागात, खोल टाकला, गोलच्या मागे कोपऱ्यात. आपला डिफेन्समन वळून पकच्या मागे धावतोय आणि त्याच्या पाठीवर एक ऐंशी-नव्वद किलोचा गडी येतोय. चांगला डिफेन्समन पकला हात लावायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागे बघतो. एकदा वळल्या वळल्या, म्हणजे किती जण येतायत आणि कुठल्या बाजूने ते कळतं, आणि दुसऱ्यांदा पकपासून दोन-तीन मीटरवर असताना, म्हणजे तोपर्यंत त्यांनी रस्ता बदलला का ते. या दुसऱ्या नजरेत पास ठरतो. जोडीदाराकडे गोलमागून द्यायचा, बोर्डला, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीला, घासून विंगरकडे (कडेच्या फॉरवर्डकडे) काढायचा, की नेटच्या मागे थांबून श्वास घ्यायचा. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना हे शिकवताना मी मागून येताना हातमोज्याची बोटं वर करतो, दोन किंवा तीन, आणि पकला टच करायच्या आधी पोराने मोठ्याने आकडा ओरडायचा. पहिले काही दिवस सगळे अंदाजपंचे ओरडतात! मग हळूहळू मान वळायला लागते. गोलकीपर ओरडून सांगतोय ते ऐकू यायला लागतं. यू-17 च्या मॅचला गेलात की तुमच्या पोराचं फक्त एवढंच बघा, मान किती वेळा वळते, गोल-असिस्ट सोडून द्या.

असला खेळाडू बावीस-तेविसाव्या वर्षी फार चमकत नाही. डिफेन्समन उशिरा पिकतो. आणि इथेच बरेच गळतात, कारण यू-20 संपलं की एकदम मोठ्यांच्यात जागा मिळवायची, आणि क्लबला रेडीमेड सत्तावीस वर्षांचा स्लोव्हाक परवडत असेल तर तो कशाला थांबेल. जे टिकतात ते डिव्हिजन 1 ला, म्हणजे दुसऱ्या स्तरावर, दोन-तीन सीझन काढून वर येतात किंवा तिथेच राहतात. आणि तिथला पगार बघता जोडीला काहीतरी करावं लागतं. कोणी दुकानात, कोणी टाउन हॉलमध्ये, आणि बरेच जण त्याच क्लबच्या छोट्यांना शिकवतात. दुपारी स्वतःची प्रॅक्टिस, संध्याकाळी यू-9 च्या पोरांच्या बुटांच्या नाड्या. कोचिंगचं करिअर इथे सुरू होतं, निवृत्तीनंतर नाही, चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी. पस्तिशीला बूट लटकवून मग विचार करणाऱ्याला जागा मिळते पण उशिरा मिळते.

आता कागदाचा भाग. हा कंटाळवाणा आहे पण सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपल्याकडच्या लोकांना याची कल्पना नसते. फ्रान्समध्ये पैसे घेऊन कुठलाही खेळ शिकवायचा तर सरकारमान्य डिप्लोमा आणि प्रोफेशनल कार्ड लागतं. कायद्यातच आहे, डिप्लोमा नसताना पगार घेऊन शिकवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि पंधरा हजार युरोपर्यंत दंड लिहिलाय. नॅशनल टीमकडून शंभर मॅच खेळलात तरी सूट नाही. कार्ड दर पाच वर्षांनी नवं करायचं, आणि तुमचं क्रिमिनल रेकॉर्ड तपासलं जातं, लहान पोरांबरोबर काम आहे म्हणून, आणि ते बरोबरच आहे.

हॉकीसाठी मुख्य डिप्लोमे दोन. डेजेप्स, हा बारावीनंतर दोन वर्षांच्या लेव्हलचा, किमान बाराशे तासांचा असतो, त्यातले सातशे क्लासमध्ये आणि उरलेले क्लबात प्रत्यक्ष काम. आणि त्याच्या वरचा डेसजेप्स, पदवीच्या लेव्हलचा, टॉप लेव्हलच्या टीमचं सगळं बघायचं तर हा. फुकटात, म्हणजे व्हॉलंटियर म्हणून शिकवायचं असेल तर फेडरेशनचे छोटे सर्टिफिकेट पुरतात, तिथून सुरुवात होते. बरेच खेळाडू खेळत असतानाच अप्रेंटिसशिपवर डेजेप्स करतात, क्लबला एक खेळाडू आणि एक शिकाऊ कोच एकाच माणसात मिळतो, खेळाडूचा कोर्सचा खर्च निघतो. अनुभवाच्या जोरावर डिप्लोम्याचे काही भाग माफ करून घ्यायची पण सोय आहे, त्याची फाइल मात्र जाडजूड बनवावी लागते आणि ज्युरीसमोर बसून उत्तरं द्यावी लागतात. मोठमोठे खेळाडू त्या फाइलला वैतागतात. पाठीमागे दोन दशकं खेळ आहे पण "तुमच्या ट्रेनिंग सायकलचं उद्दिष्ट लिहा" म्हटलं की पेन अडतं.

तिसरा रस्ता युनिव्हर्सिटीचा, स्टाप्स म्हणतात, खेळाचं शास्त्र. ग्रनोबलला आहे, लिऑनलाही आहे. ट्रेनिंगची डिग्री आपल्या खेळासकट केली तर कार्ड मिळतं आणि हातात पदवीही राहते. तुमच्या मुलासाठी मी हाच रस्ता धरीन, का ते खाली सांगतो.

बरं, डिफेन्सचा असिस्टंट कोच मॅचच्या दिवशी करतो काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पाठीवर थाप मारून पोरांना पाठवतो. ते आहेच, पण त्या थापेमागे हिशोब आहे. साधारण सहा-सात डिफेन्समन, तीन जोड्या, प्रत्येक शिफ्ट, म्हणजे बदली होईपर्यंत आइसवरची एक पाळी, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची. मॅचच्या तीन पिरियडपैकी पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला आपला झोन बेंचच्या जवळ असतो, तेव्हा बदली सोपी. दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात आणि आपला झोन बेंचपासून लांब जातो, पक बाहेर काढला तरी डिफेन्समनला बदलीसाठी पूर्ण लांब यावं लागतं आणि तेवढ्यात समोरचे परत आत. मॅच फुटतात त्या बऱ्याचदा दुसऱ्या पिरियडला, उगाच नाही. त्यात आपण दमून पक लांब फेकला आणि आइसिंग झालं (आपल्या अर्ध्यातून पक थेट समोरच्यांच्या गोललाइनपार गेला) तर नियमाने बदली करता येत नाही, तेच दमलेले पाच जण परत आपल्याच झोनमध्ये फेस-ऑफला, म्हणजे रेफरी पक टाकून खेळ पुन्हा सुरू करतो तिथे, उभे. चांगला डिफेन्स कोच हे दोन शिफ्ट आधी बघतो. तिसरी जोडी आत्ता टाकायची की पुढच्या फेस-ऑफला, कोणाचा श्वास अजून खाली आला नाही, डाव्या हाताचा कोणाबरोबर, रेफरीच्या हाताला आज खाज आहे का आणि पेनल्टी येणार असेल तर माझे किलचे दोघं ताजे आहेत का. मुख्य कोच त्या वेळी फॉरवर्ड लाइन्स जुळवण्यात बुडालेला असतो. दोघांत फार बोलणं होत नाही, वेळच नसतो.

इथे माजी डिफेन्समन उपयोगी पडतो कारण ती दमणूक त्याच्या पायांनी भोगलेली असते. पेनल्टी किलचं पण तसंच, चार जणांचा चौकोन धरून ठेवायचा, कधी कोणी बाहेर जाऊन दबाव टाकायचा, कधी अजिबात हलायचं नाही, हे फळ्यावर काढून दाखवणारे खूप भेटतात, पण समोरच्याने पास द्यायच्या आधी स्टिक कुठे ठेवली तर पास जातच नाही हे दाखवणारा तोच असतो ज्याने ते वर्षानुवर्षं केलंय.

कमी कुठे पडतात हेही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. माजी डिफेन्समन मुख्य कोच झाला की बऱ्याचदा टीम घाबरट होते. सगळं बंद करायचं, काही द्यायचं नाही, 1-0 ने जिंकायचं. चुका मोजायची सवय लागलेली असते कारण डिफेन्समनचं आयुष्य चुकीवरून ओळखलं जातं, त्याच्या शंभर बरोबर गोष्टी कोणाला आठवत नाहीत. मग हा कोच पण पोरांच्या चुकाच मोजतो आणि अठरा वर्षांचा फॉरवर्ड जो जरा काही वेगळं करून बघतोय तो बेंचवर गोठतो. अटॅकिंग झोनमध्ये काय करायचं हे शिकवायला त्यांना मुद्दाम बाहेर जाऊन शिकावं लागतं, फिनलंड-स्वीडनच्या कोचांबरोबर वेळ घालवावा लागतो, तासन् तास व्हिडिओ बघावा लागतो. जे हे करतात ते वर जातात. जे "आमच्या वेळी" करत बसतात ते यू-15 ला राहतात, आणि खरं सांगायचं तर यू-15 लाही मग ते नकोसे होतात.

पैशांचं विचारलं होतंत. क्लब-क्लबप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक आहे. फ्रान्समध्ये आइस हॉकीचे लायसन्सवाले खेळाडू वीस हजारांच्या आसपास, फुटबॉलचे वीस लाखांच्या वर, यावरून अंदाज घ्या. रिंक बहुतेक सगळ्या नगरपालिकेच्या, आइस फिगर स्केटिंगवाल्यांबरोबर आणि पब्लिकबरोबर वाटून घ्यावी लागते, विजेचं बिल वाढलं की पहिली कुऱ्हाड आइसच्या तासांवर. कॉन्ट्रॅक्ट बऱ्याचदा एकेका सीझनचं. मुख्य कोचला प्ले-ऑफ हुकले की घरी जावं लागतं आणि नवा येतो तो स्वतःचा असिस्टंट घेऊन येतो. म्हणून शहाणे लोक फक्त पहिल्या टीमचं असिस्टंटपद घेत नाहीत, त्याला यू-20 किंवा पूर्ण युवा विभागाची जबाबदारी जोडून घेतात, ती नोकरी कायमस्वरूपी असू शकते, क्लबला युवा विभाग चालवावाच लागतो आणि तो माणूस दर वर्षी बदलून चालत नाही. दिसायला कमी भारी, पण घराचं लोन त्यावर मिळतं.

आणि आयुष्य कसं असतं तेही पोराला कळू द्या. मॅच साधारण मंगळवार, शुक्रवार, रविवार. गापहून रुआँला बसने जायचं म्हणजे आल्प्सपासून नॉर्मंडीपर्यंत पूर्ण देश आडवा कापायचा, मॅच संपली की परत त्याच बसमध्ये, खेळाडू झोपतात, असिस्टंट कोच लॅपटॉपवर क्लिप कापत बसतो कारण सकाळी डिफेन्सच्या पोरांना त्यांच्या शिफ्ट दाखवायच्या असतात. घरचे सण, पोरांचे वाढदिवस, सप्टेंबर ते एप्रिल विसरा. कोचांची लग्नं मोडतात ती काही खेळामुळे नाही, या बसमुळे!

आता तुमच्या मुलाचं. सोळाव्या वर्षी तो प्रो होईल की नाही हे कोणी सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्याला फी देऊ नका. सर्जीला फेडरेशनचं सेंटर आहे, पॅरिसजवळ, टॉपची पोरं तिथे जातात, निवड झाली तर उत्तमच, नाही झाली तरी डिफेन्समनसाठी दरवाजा बंद झाला असं अजिबात नाही, आधी म्हटलं तसं तो उशिरा पिकतो. पण बारावी सोडून फक्त हॉकी हा जुगार करू नका. बॅक, म्हणजे इथली बारावी, पूर्ण, मग स्टाप्स, जोडीला यू-20. वीस-एकविसाव्या वर्षी कोणी माग्नुसमध्ये घेतलं तर पदवी लांबवता येते, नाही घेतलं तर डिव्हिजन 1 ला खेळत पदवी आणि कार्ड हातात येतं, आणि त्या वेळी तो पंचविशीच्या आत पगारी कोच झालेला असतो, बाकीचे तेव्हा कुठे डेजेप्सचा फॉर्म शोधत असतात.

याच सीझनला करायचं म्हणजे क्लबच्या युवा विभागाच्या माणसाला जाऊन भेटा आणि सांगा की पोराला शनिवारी सकाळी यू-9 ला मदत करायची आहे. कुठलाच क्लब नाही म्हणणार नाही, हात कमीच असतात. पहिल्यांदा कोन लावायला आणि पक गोळा करायला सांगतील, करू दे. मग फेडरेशनच्या पहिल्या पातळीच्या ट्रेनिंगला क्लबच नाव पाठवतो. फर्स्ट-एडचं एक दिवसाचं सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेवा, पुढे प्रत्येक फाइलला तेच मागतात आणि ऐन वेळी कोर्सच्या तारखा मिळत नाहीत. आणि त्याला विचारा, छोट्यांबरोबर एक तास काढून आल्यावर चेहरा कसा आहे. वैतागून आला तर खेळू दे बापड्याला, कोचचं नंतर बघू. यू-9 मधल्या कुठल्या पोराला उजवीकडे वळता येत नाही आणि त्याचं काय करता येईल हे जेवताना सांगायला लागला, तर मला परत लिहा, स्टाप्सच्या प्रवेशाच्या वेळी हॉकी कुठे कुठे घेता येते ते मी बघून देतो.